गळका रांजण, खाज आणि चीजचं बोळकं

उंबरठा

सहा आठवड्यांनी डाव्या पायाचं प्लास्टर कापलं, तेव्हा पोटरीवर कोंडा साठला होता आणि पाय दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. कापणारा मुलगा मशीन ठेवून हात धुवायला गेला आणि मी दोन्ही हातांनी पोटरी खाजवायला घेतली. पाच मिनिटं असतील. लग्न, पहिली नोकरी, मुलगी झाली तो दिवस, सगळं मान्य. पण निव्वळ सुख म्हणाल तर त्या पाच मिनिटांच्या जवळपास जाणारं मला काही आठवत नाही. त्याआधीचे सहा आठवडे आईची विणायची सुई प्लास्टरमध्ये सारून काढले होते, हेही सांगायला हवं.

घरी येऊन प्लेटोचा 'फीडो' काढला, कारण असं काहीतरी तिथे वाचल्याचं डोक्यात होतं. इ. स. पू. ३९९, सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस. पायातली बेडी नुकतीच काढलीय. रडणाऱ्या बायकोला घरी पोचवायला सांगून होतं, मग तो खाटेवर उठून बसतो, पाय जवळ ओढतो आणि चोळायला लागतो. चोळता चोळता म्हणतो, लोक ज्याला सुख म्हणतात ती काय विचित्र चीज आहे! बेडीने पाय दुखत होता, आता त्याच्यामागोमाग सुख आलं. दोघं एकत्र येत नाहीत, पण एकाला धरलं की दुसरं गळ्यात पडतंच. इसापला हे सुचलं असतं तर त्याने गोष्ट रचली असती : देवाने या भांडखोर जोडीत समेट करायला पाहिला, जमलं नाही, म्हणून दोघांची डोकी एकमेकांना बांधून टाकली. संध्याकाळी विष प्यायचंय आणि हा माणूस पोटरी चोळत हे बोलतोय!

सुख चांगलं की वाईट हा ग्रीकांचा वाद आपण ऐकून असतो. मला त्याच्या आधीची पायरी जास्त ओढते : सुख म्हणजे काय घडतं? त्यांच्याकडे सगळ्यात जुनं उत्तर असं, की शरीरात काहीतरी कमी पडतं, ते भरलं जातं आणि भरताना जे वाटतं ते सुख. तहान म्हणजे खड्डा, पाणी म्हणजे माती.

'गॉर्जियस' या संवादात कॅलिक्लिस नावाचा तरुण हेच छाती पुढे काढून सांगतो. इच्छा दाबू नका, वाढू द्या, आणि त्या पुरवण्याची धमक ठेवा. त्यावर सॉक्रेटिस रांजणांचा दाखला देतो. एकाचे रांजण धड आहेत. मध, दूध, दारू कष्टाने मिळवून त्याने ते एकदा भरले आणि तो निवांत बसला. दुसऱ्याचे गळके, तो रात्रंदिवस भरतोय. कोण बरा? कॅलिक्लिस म्हणतो, दुसरा. पहिला म्हणजे नुसता दगड, मजा ओतण्यात आहे. मग सॉक्रेटिस विचारतो, ज्याला खरूज झालीय आणि जन्मभर खाजवायची मुभा आहे तो सुखी म्हणायचा का? आणि फक्त डोकंच खाजवायचं की आणखीही काही? कॅलिक्लिस म्हणतो, असले विषय काढायला लाज नाही वाटत?

माझ्या पोटरीचा प्रश्न हाच. सुख म्हणजे खड्डा बुजवणं असेल तर खड्डा जेवढा खोल तेवढी मजा जास्त. मग प्लास्टर ही उत्तम गुंतवणूक झाली. पण त्या पाच मिनिटांसाठी पुन्हा पाय मोडून घ्या म्हटलं तर मी येणार नाही.

प्लेटोने उतारवयात 'फिलीबस' लिहिला, त्यात याच्यातून वाट काढायचा प्रयत्न आहे. काही सुखं दुःखात कालवलेली, जशी खाज. काही निर्भेळ : एखादा शुद्ध रंग, सूर, वास, काहीतरी नवं कळणं. वासाची उणीव कुणाला आधी टोचत नव्हती, पण आला तर छान वाटतं. एवढं करून शेवटी चांगल्या गोष्टींची क्रमवारी लावताना या निर्भेळ सुखांनाही बिचाऱ्यांना पाचवा नंबर. ('रिपब्लिक'मध्ये हाच गृहस्थ गणित करून सांगतो की राजाचं जगणं जुलमी सत्ताधीशापेक्षा ७२९ पट सुखाचं. ७२८ का नाही ते विचारू नका.)

आणि मग माझा माणूस, एपिक्युरस. जन्म इ. स. पू. ३४१, सामोस बेटावर. साधारण ३०६ मध्ये अथेन्सच्या वेशीबाहेर बाग घेतली आणि तिथेच शाळा मांडली. सुख हेच जगण्याचं साध्य, असं त्याने उघड म्हटलं आणि त्याची शिक्षा त्याचं नाव आजतागायत भोगतंय : इंग्रजीत चोखंदळ खवय्याला त्याच्यावरून शब्द आहे. प्रत्यक्षात हा जवाची भाकर आणि पाणी यावर खूश. एका मित्राला लिहितो, चीजचं एखादं बोळकं पाठव, म्हणजे कधी ऐश करावीशी वाटली तर करता येईल. ऐश! पुढे अथेन्सला वेढा पडला आणि शहरात उपासमार झाली, तेव्हा त्याने शेंगांचे दाणे मोजून सोबत्यांत वाटले, असं प्लुटार्क हा जुना चरित्रकार सांगतो. सुखवादी माणूस दाणे मोजतोय, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याचं म्हणणं असं. भूक लागली, खाल्लं : भरताना वाटतं ते चल सुख. पोट भरलंय, काही दुखत नाही, मनाला घोर नाही : हे स्थिर सुख, आणि हेच मोठं. दुखणं गेलं की सुखाची पातळी काठोकाठ झाली. त्यापुढे पक्वान्नं वाढा, पातळी वाढत नाही, फक्त चव बदलते. म्हणजे रांजणाच्या वादात सॉक्रेटिस बरोबर, धड रांजणवाला जिंकला, फक्त त्याच्या निवांत बसण्यालाच सुख म्हणायचं.

मला हे पटतं. अडचण एकच. प्लास्टर निघाल्याच्या चौथ्या दिवशी मला पाय आहे हेच आठवेना. काही दुखत नव्हतं. एपिक्युरस म्हणेल, बाबा रे, तू शिखरावर उभा आहेस. पण जे जाणवतच नाही त्याला सुख कसं म्हणायचं? बोला.

(सुखाला चांगलं न मानणाऱ्या स्टोइक पंथाला इथे आणू नका ही विनंती, आठ पानं होतील.)

घाटमाथा

वाचनखूण साठवली आहे. पाय मोडला कसा ते मात्र शिताफीने टाळलंत.

उंबरठा

स्कूटर, वळण, वाळू. तत्त्वज्ञान काही नाही त्यात.

कडूजहर

छान लिहिलंय, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर २३०० वर्षांपूर्वीच देऊन झालंय आणि ते तुमच्या माणसाला सोयीचं नाही. सायरीनी लोक म्हणत, एपिक्युरस ज्याला परम सुख म्हणतो ती प्रेताची अवस्था आहे. प्रेतालाही काही दुखत नाही, घोर नसतो.

सायरीन म्हणजे आजच्या लिबियातलं ग्रीक शहर. तिथला ॲरिस्टिपस सॉक्रेटिसच्या बैठकीतला. त्याचे अनुयायी म्हणत, सुख ही हालचाल आहे : मऊ हालचाल म्हणजे सुख, खरखरीत म्हणजे दुःख, आणि दोन्ही नसेल तर ती झोप. सुख आत्ताचं, अंगाला जाणवणारं. कालचं गेलं, उद्याचं आलेलं नाही. तुमची पाच मिनिटं त्यांनी मान्य केली असती, तुमचा चौथा दिवस केराच्या टोपलीत टाकला असता. मला तरी ही माणसं जास्त प्रामाणिक वाटतात.

आणि आपल्याकडे चार्वाक होताच की तूप पिणारा.

उंबरठा

@कडूजहर, चार्वाकाचं तूप आपल्याला त्याच्या विरोधकांच्या पुस्तकांतून मिळालंय, त्यामुळे ते किती शुद्ध हे देव जाणे. एपिक्युरसचंही तेच झालं असतं. त्याच्या जवळच्या शिष्याचाच भाऊ सांगत फिरायचा की हा रोज एक मिना एवढी मोठी रक्कम जेवणावर उडवतो आणि खाऊन खाऊन दिवसातून दोनदा ओकतो. नशीब म्हणून डायोजेनिस लेअर्शियस या संग्राहकाने त्याची तीन पत्रं अख्खी उतरवून ठेवली.

सायरीनी मंडळींचं म्हणाल तर त्यांची समुद्राची उपमा मला फार आवडते. वादळ म्हणजे दुःख, अनुकूल वाऱ्यावरची हलकी लाट म्हणजे सुख, आणि समुद्र अजिबात हलत नाही ती मधली अवस्था. एपिक्युरसही मनःशांतीसाठी शांत समुद्राचाच शब्द वापरतो. तोच समुद्र, एक म्हणतो इथे काहीच नाही, दुसरा म्हणतो इथेच सगळं आहे. समुद्रावरून नाही, खलाशावरून भांडण आहे.

आणि प्रामाणिकपणाचा शेवट कुठे झाला तेही बघा. त्याच पंथातल्या हेगेसियसने हिशेब मांडला की आयुष्यात दुःखाचीच बाजू जड, सुखी होणं शक्यच नाही. तो इतकं पटवून बोलायचा की अलेक्झांड्रियात टॉलेमी राजाने त्याच्या व्याख्यानांवर बंदी घातली, कारण ऐकून लोक जीव देऊ लागले होते. 'मरणाला राजी करणारा' असं नावच पडलं त्याला. फक्त जाणवेल तेवढंच सुख मोजायचं ठरवलं की ताळेबंद असा तोट्यात जातो.

मालवणी मसाला

समुद्राचो विषय निघालो म्हणून आलंय. बिनवाऱ्याचो समुद्र शिडाच्या होडीत बसलेल्याक विचारा, सुख काय ता तो सांगतलो. शिड लटकता, होडी हलत नाय, वर ऊन. लाट व्हयी, पण बेतानं.

बाकी ह्या एपिक्युरसान पत्रात माशांका नावां ठेवल्यानी असां आयकलंय, खरां काय?

उंबरठा

खरं आहे, मसालेदादा. आम्ही सुख म्हणतो म्हणजे दारूच्या मैफली, बायकांचा-मुलग्यांचा उपभोग, मासे आणि खर्चिक पंगतीतले बाकी पदार्थ असं म्हणत नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. अथेन्समध्ये चांगला मासा म्हणजे पैसेवाल्यांचं काम.

मालवणी मसाला

मग आमचां जमणां कठीण.

अकारविल्हे

एक शब्दाचा मुद्दा, कारण सगळे 'सुख' म्हणताय आणि त्यात घोळ होतोय. ग्रीक शब्द हेडोनी. तो 'हेडिस' म्हणजे गोड यापासून आलेला आणि त्याचं मूळ संस्कृत 'स्वादु'चंच. आपला स्वाद आणि त्यांची हेडोनी सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी. 'सुख' म्हटलं की आपल्याला घर, पेन्शन, मुलाबाळांचं चांगलं चाललंय असं काहीतरी दिसतं. त्याला ग्रीक युडायमोनिया म्हणतील. हेडोनी जिभेजवळची.

म्हणून एपिक्युरसचं 'स्थिर सुख' मराठीत बिनबोभाट पचतं. आपण 'सुखात आहे' म्हणतोच, 'मजेत आहे' आणि 'सुखात आहे' यांत फरकही करतो. ग्रीक कानाला मात्र 'गप्प बसलेली गोडी' असं काहीतरी अजब ऐकू गेलं असणार. उंबरठा, तुमचा चौथ्या दिवसाचा प्रश्न मराठीत पडला हेच नवल आहे.

आपल्यासारखे शब्दांचे कीस पाडणारे तिथेही होते. प्रॉडिकस नावाचा सोफिस्ट, म्हणजे फिरता शिक्षक, शरीराच्या मजेला एक शब्द आणि काही शिकताना, कळताना होणाऱ्या आनंदाला दुसरा, असं बजावत असे. प्लेटोने 'प्रोटॅगोरस'मध्ये त्याची मस्त टर उडवली आहे.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, तत्त्वज्ञानातलं फार कळत नाही, पण एपिक्युरसच्या मरणाची केस वाचलेली आहे. लघवी अडली, मुतखडा, जोडीला आतड्याचा विकार. चौदा दिवस काढले, वयाच्या ७२ व्या वर्षी गेला, इ. स. पू. २७०. शेवटी कोमट पाण्याच्या टबात बसून पाणी न मिसळलेली दारू मागितली म्हणतात. तेव्हाच्या मानाने वाईट उपचार नाही तो, गरम पाण्याने आजही बरं वाटतं.

त्याच दिवशीचं पत्र आहे. आजचा दिवस आनंदाचा आणि आयुष्यातला शेवटचाही. वेदना इतक्या आहेत की याहून जास्त होणं शक्य नाही. पण आपल्या पूर्वीच्या बोलण्यांची आठवण येऊन मनाला जो आनंद होतोय तो या सगळ्यासमोर उभा आहे. आणि पुढे एकदम व्यवहारी : मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष द्या. मेट्रोडोरस त्याचा जवळचा शिष्य, आधीच वारलेला.

हे वाचून मी गप्प झाले होते. पण त्याचं दुसरं एक वाक्य आहे, तीव्र वेदना फार टिकत नाही आणि टिकणारी वेदना तीव्र नसते. हे त्याने आमच्या ओपीडीत येऊन सांगावं. दहा-दहा वर्षं चेहऱ्याच्या नसेचं दुखणं काढणाऱ्या बायका बघितल्यात मी.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल : मुतखड्याचा पेशंट रात्री दोनला येतो. गडाबडा लोळत असतो. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात उतरतं. पुढची पंधरा मिनिटं तो माणूस संत असतो. मला, सिस्टरला, वॉर्डबॉयला आशीर्वाद देतो, बायकोचा हात धरतो. सोळाव्या मिनिटाला विचारतो, इथे चहा मिळेल का, आणि मोबाइलचा चार्जर आहे का कुणाकडे.

कंदी पेढा

५ मिलिमीटरचा खडा, चार तास. मला एकही पूर्वीचं बोलणं आठवलं नाही. फक्त टाइल्स आठवतात, निळी फुलं होती. एपिक्युरस थापा मारतोय असं माझं अनुभवसिद्ध मत आहे. हलके घ्या.

अकारविल्हे

@कंदी पेढा, थापा नसाव्यात. मूळ क्रियापद लष्करी आहे : लढाईत शत्रूच्या फळीसमोर आपली फळी उभी करणे. वेदना गेली असं तो म्हणत नाही, समोर कुणीतरी उभं आहे एवढंच. आणि त्या वाक्यात 'हेडोनी' नाही, आनंदाचा वेगळा शब्द आहे. मरताना त्याने शब्द बदलला याचं मला फार कुतूहल आहे.

कडूजहर

सिसेरो या रोमन वक्त्याने याच पत्रावरून धरलंय एपिक्युरसला. माणूस म्हणून तू थोर, पण तुझ्या सिद्धान्तात हे बसत नाही. मनाची सगळी सुखं शेवटी शरीराकडे जातात म्हणालास ना? मग बागेतल्या गप्पांची आठवण कुठल्या अवयवाची? आणि ज्ञानी माणूस छळाच्या यंत्रावरही सुखी असतो म्हणे. ॲरिस्टॉटल यावर स्पष्ट होता : चाकावर ताणला जाणारा माणूस केवळ सज्जन आहे म्हणून सुखी, असं म्हणणारे काहीतरीच बोलतात.

डग्गा

ॲरिस्टॉटलचं नाव निघायची वाट बघत होतो. मी तबल्याची साथ करतो, पोटापाण्याला बँकेत. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'चं दहावं पुस्तक तीनदा वाचलंय, त्यातल्या एका उदाहरणासाठी.

तो म्हणतो, नाट्यगृहात खाऊ खाणारे लोक नट वाईट असले की सगळ्यात जास्त खातात. झालं! हे ज्याने टिपलं तो माणूस नक्की मागच्या रांगेत बसणारा होता. मी स्टेजवरून रोज बघतो. गायक लागला नसेल तर विलंबित ख्यालात चौथ्या रांगेतून वेफर्सच्या पाकिटाचा आवाज येतो. एकदा लागला की तेच पाकीट मांडीवर अर्धं उघडं राहतं, हात आत तसाच. मी पाहिलंय, हात पाकिटात आणि डोळे मिटलेले.

यावरून तो काय काढतो बघा. प्रत्येक कृतीचं स्वतःचं सुख असतं. ते तिच्यात भर घालतं आणि दुसऱ्या कृतीचं सुख मध्ये आलं की तिला मारतं. बासरीसारखं वाद्य वाजू लागलं की त्याच्या वेड्या माणसाचं चर्चेतलं लक्ष उडतं, हेही त्याचंच उदाहरण. म्हणजे सुख ही वेगळी वस्तू नाही, जी गाण्यातून मिळते, खाण्यातून मिळते, खाजवण्यातून मिळते आणि एकाच रांजणात जमा होते. गाण्याचं सुख गाण्यातच. ऐन भरातल्या तारुण्यावर तेज येतं ना, तसं ते नीट चाललेल्या कृतीवर येतं. तेज वेगळं विकत आणता येत नाही.

खड्डा बुजवण्याचा सिद्धान्त तो दोन वाक्यांत निकालात काढतो : गणित करण्याचं सुख, वासाचं, आठवणींचं, आशेचं, यांत आधी कुठला खड्डा होता? आणि दुसरं, भरणं ही क्रिया असेल तर ती वेगाने किंवा सावकाश होईल. झटकन खूश होता येतं, पण झटपट खूश *असता* येत नाही.

आता उंबरठा, तुमचा चौथा दिवस. पाय आठवला नाही म्हणता. त्या वेळी काय करत होता?

उंबरठा

मुलीला बसस्टॉपवर सोडायला चाललो होतो.

डग्गा

मग झालं की! अडथळा न येणारी कृती, सातव्या पुस्तकात सुखाची व्याख्याच ती आहे. सुख पायात शोधताय म्हणून सापडत नाही. ते चालण्यात होतं, बसस्टॉपपर्यंतच्या गप्पांत होतं. तबल्यावर बोटं आठवायला लागली की समजायचं आज हात चालत नाहीये.

घाटमाथा

+१. टाळ्या.

कडूजहर

इतक्या लवकर टाळ्या नकोत. डग्गासाहेब, रियाजाचं काय? दोन-दोन तास तबल्यातला एकच कायदा (रचना) घासताना सुख असतं का? आणि ॲरिस्टॉटल स्वतःच कबूल करतो की कुणीही सतत सुखात राहू शकत नाही, माणूस थकतो, नव्याची नवलाई जाते. म्हणजे तुमचं तेजही सोळाव्या मिनिटाला चार्जर मागतंच.

डग्गा

मागतं. नाही म्हणत नाही. रियाजात पहिली चाळीस मिनिटं शुद्ध कंटाळा असतो, सुखबिख काही नाही.

पडवी

उशिरा आले. दोन गोष्टी.

एक, एपिक्युरसच्या बागेत बायका आणि गुलामही चर्चेला बसत, हे कुणीच बोललं नाही. लिऑन्शन नावाच्या बाईने ॲरिस्टॉटलच्या गादीवर बसलेल्या थिओफ्रास्टसविरुद्ध पुस्तक लिहिलं होतं. ते उरलेलं नाही. सिसेरोने तिला शिवी दिली आणि त्याच वाक्यात तिचं ग्रीक सुरेख आहे असंही म्हटलं. मृत्युपत्रात एपिक्युरसने चार गुलामांना मुक्त केलं, त्यात एक बाई.

दोन. व्हेसुव्हियस फुटला त्या इ. स. ७९ मध्ये हर्क्युलेनियममध्ये जळून कोळसा झालेल्या गुंडाळ्यांपैकी एकीचा थोडा भाग २०२३-२४ मध्ये न उघडता वाचला गेला, क्ष-किरणांनी स्कॅन करून आणि संगणकाकडून शाई ओळखून घेऊन. तीन तरुणांना सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्या २००० हून जास्त अक्षरांत काय निघावं? सुख! लेखक बहुधा फिलोडेमस, एपिक्युरसच्याच पंथातला. जे दुर्मीळ ते मुबलकपेक्षा जास्त सुखाचं असतं असं आम्ही लगेच मानत नाही, जसं खाण्याच्या बाबतीत, असं तो म्हणतो.

हे वाचलं त्या आठवड्यात आमच्याकडे हापूसची पहिली पेटी आली होती. डझनाला किती दिले ते सांगत नाही, नवरा हे संस्थळ वाचतो. पहिला आंबा कापताना घरात अगदी पूजेसारखी शांतता. मेच्या शेवटी तोच आंबा, खरं तर जास्त पिकलेला आणि जास्त गोड, मुलं रस वाटीत सोडून उठतात. जीभ तीच, फळ तेच. फिलोडेमसचं मला पटवून घ्यायचंय, पण घर साथ देत नाही.

मालवणी मसाला

पडवीताय, आमच्याकडे मेच्या शेवटाकपण कोण वाटी सोडून उठणत नाय. पोरांक हयसर पाठवा.

निवडुंग

स्टोइकांना आणू नका म्हणालात म्हणून एकच आणतो. अथेन्सच्या केरामिकस भागात क्रिसिपस या स्टोइकाचा पुतळा होता, बसलेला, हात पुढे केलेला. त्याचा युक्तिवाद होता : तुझ्या या हाताला, आत्ता जसा आहे तसा, काही हवंय का? नाही. सुख ही चांगली गोष्ट असती तर हाताला ते हवं वाटलं असतं. म्हणजे सुख चांगलं नाही. एपिक्युरसवाले म्हणाले, युक्तिवाद सायरीनवाल्यांना लागू, आम्हाला नाही. ज्याला काही दुखत नाही तो हात सुखातच आहे, त्याला आणखी काय हवं असणार?

तुमच्या पोटरीचा प्रश्न दगडाच्या हाताने आधीच विचारून ठेवलाय.

दुसरं, मागच्या वर्षी अथेन्सला गेलो होतो. डिपिलॉन वेशीपासून प्लेटोच्या अकादमीपर्यंत चाललो. सिसेरो तरुणपणी मित्रांबरोबर हेच अंतर चालला होता, सहा स्टेडिया म्हणतो, म्हणजे साधारण ११०० मीटर. त्यातला एक मित्र म्हणतो, आत्ता आपण एपिक्युरसच्या बागेवरून आलो. म्हणजे सुखाला पाचवा नंबर देणारा आणि पहिला नंबर देणारा एकाच रस्त्यावरचे शेजारी. आता तिथे गॅरेजं, फ्लॅट, वाळत घातलेले कपडे. अकादमीच्या जागी बाग आहे, म्हातारे बाकांवर बसलेले. बागेची शाळा होती तिथे बाग नाही आणि अकादमी होती तिथे बाग आहे, याचं हसू आलं.

रात्रपाळी

एपिक्युरसवाल्यांचं उत्तर आवडलं. पण हाताला 'मी सुखात आहे' हे कळत नाही ना? मेंदू लागतो.

उंबरठा

@रात्रपाळी, 'फिलीबस'मध्ये हेच आहे आणि मी मूळ लेखात घालायला विसरलो. सॉक्रेटिस विचारतो, तुला जन्मभर मोठ्यात मोठी सुखं दिली, पण स्मृती आणि बुद्धी काढून घेतली, तर चालेल? आधी सुख झालं होतं हे आठवणार नाही, पुढे होईल हा अंदाज बांधता येणार नाही, आत्ता होतंय हेही कळणार नाही. ते माणसाचं जगणं नव्हे, शिंपल्यात राहणाऱ्या समुद्री जीवाचं. (मसालेदादा, कालवं म्हणा.)

डग्गा यांचं बरंचसं मान्य. बसस्टॉपचा रस्ता मी विसरलो होतो, त्यांनी विचारलं तेव्हा आठवला. मुलगी त्या दिवशी खांबावरच्या जाहिराती उलट्या वाचत चालली होती. मी पण वाचल्या. हे पंधरा दिवस कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. आणि हे आठवताना आत्ता जे वाटतंय ते चौथ्या दिवशी वाटत होतं का, याचं उत्तर मला खरंच देता येत नाही.

म्हणून त्या शेवटच्या पत्राकडे पुन्हा गेलो. तिथेही आठवणच कामाला आली. आणि मृत्युपत्रात एक कलम आहे, ज्याकडे मी आजवर गंमत म्हणून पाहत होतो : माझ्या आणि मेट्रोडोरसच्या स्मरणार्थ दर महिन्याच्या २० तारखेला सगळ्यांनी जमत जा, खर्चाची सोय केलेली आहे. त्या पंथाच्या लोकांना पुढे 'वीस तारखेवाले' म्हणून चिडवत. स्थिर सुख विसरलं जातं हे या माणसाला पक्कं माहीत असणार, नाहीतर कॅलेंडरात खूण कशाला लावेल?

पडवी

मग कट्टा २० तारखेलाच करू या. आमच्याकडे. आंबे संपलेत, चीज आणते.

कंदी पेढा

येतो. पाणी भरपूर ठेवा, डॉक्टरांनी सांगितलंय.

कडूजहर

मीही येतो, पण सायरीनचा प्रतिनिधी म्हणून. जवाची भाकर असेल तर आधी सांगा, घरून जेवून येईन.

डग्गा

तबला आणू का? वेफर्स नकोत मात्र.

रात्रपाळी

२० ला माझी ड्यूटी आहे. चीज उरलं तर दोन वाजता जागी असेन.